तुलारामचे भाजलेले हात

पुतण्याच्या लग्नात बायकोला लावायला अत्तर घ्यावं म्हणून सानगडीचा तुलाराम भंडाऱ्याला आला आणि मोगरा की जाई, इथेच अडकला. दुकानदार बाबूलालने त्याच्या डाव्या मनगटावर मोगरा लावला, उजव्यावर जाई. तुलाराम पाऊण तास आळीपाळीने हात हुंगत बसला.

"बाईलेच विचारून या," शेवटी बाबूलाल म्हणाला. "दिवसभर वास जात नाही. फकत पाणी लागू देऊ नका, अन् हाताले हात घासू नका."

एसटीत तुलाराम दोन्ही हात छातीसमोर अधांतरी धरून उभा राहिला. कंडक्टरने विचारलं, "हात भाजले काय, भाऊ?"

बायकोच्या अत्तराची गोष्ट भर गाडीत सांगायची त्याला लाज वाटली. तो "हो" म्हणाला.

लगेच बसायला जागा मिळाली. तिकिटाचे पैसे कंडक्टरने त्याच्या खिशातून स्वतःच काढून घेतले. साकोलीला एका म्हाताऱ्याने बशी त्याच्या ओठांना लावून चहा पाजला. सानगडीला दोघांनी त्याला जपून उतरवलं, तोवर त्याच गाडीतून आलेल्या शेजारच्या ललिताबाई ही बातमी घेऊन झपाझप पुढे गेल्या होत्या.

त्याची बायको धुरपता दारातच पाण्याची बादली घेऊन उभी होती. रडून डोळे लाल झाले होते.

"टाका हात पाण्यात."

"थांब. भाजले नाही. अत्तर आहे. हा हुंग, मंग हा. कोणता आणू?"

धुरपता मटकन ओट्यावर बसली. मग तिने डावा हात नाकाशी धरला, मग उजवा.

"दोन्ही चांगले आहेत."

"तसं नाही. एक सांग."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मले वास येतच नाही. धाकटीच्या बाळंतपणात ताप आला होता ना, तवापासून."

धाकटी आता नऊ वर्षांची होती. दर बाजाराला तुलाराम गजरा आणत होता आणि धुरपता तो डोळे मिटून हुंगत होती.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी आणनं सोडलं असतं."

तुलाराम तिच्याशेजारी बसला. मग त्याने डावा हात हुंगला.

"हा कसा आहे सांगू? लग्नाच्या साली आपण धानाच्या रोवण्यात बांधावर बसून शिदोरी खाल्ली होती, पाऊस नुकताच थांबला होता, तसा." त्याने उजवा हुंगला. "अन् हा, धाकटीले तू पयल्यांदा तेल लावून न्हाऊ घातलं, त्या सकाळवानी."

धुरपता विचारात पडली.

"लय कठीण आहे," ती म्हणाली. "पुन्हा एकडाव सांगा."