सातव्या हिरवळीवरचं भोक

सातव्या हिरवळीवरचा झेंडा पाच पावलं सरकला होता.

हेडमाळी सायकलवरून उतरला. त्याने झेंड्याकडे पाहिलं, भोकांच्या जागा लिहिलेल्या खिशातल्या कागदाकडे पाहिलं आणि पुन्हा झेंड्याकडे पाहिलं. अडीच तासांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने इथे भोक पाडलं होतं. गोल्फच्या मैदानात भोकाची जागा रोज बदलावी लागते, नाहीतर एकाच जागी पाय पडून गवत मरतं. म्हणून रोज पहाटे कटर जमिनीत दाबायचा, मातीसकट गवताचा गट्टू वर काढायचा आणि त्याने कालचं भोक बुजवायचं. असे अठरा गट्टू तो रोज बसवत असे.

झेंडा काय, कोणीही रिकामटेकडा उपटून दुसरीकडे खोचेल. पण इथे झेंड्याबरोबर भोकही गेलं होतं! आणि मूळ जागी? मूळ जागी काहीच नव्हतं. त्याने बोट फिरवून पाहिलं, तळवा फिरवून पाहिला, शेवटी गुडघे टेकून गाल गवताला लावला. कुठे सांधा नाही की उंचवटा नाही. त्याचे स्वतःचे गट्टू लांबूनही ओळखू येत. एक तर टेंगळासारखे वर यायचे, नाहीतर बशीसारखे खचायचे. म्हणजे खूण नाही तर भोक बुजवलेलं नाही, बुजवलेलं नाही तर पाडलेलंच नाही. मग पाडलं ते कोणी आणि आठवतंय ते काय?

दुपारी जेवताना त्याने घरात विषय काढला.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," बायको म्हणाली.

"अगं, भोक दिसतंय मला. नको तिथे दिसतंय!"

सासरे पलीकडे पेपर वाचत होते. हेडमाळ्याची ही नोकरी आधी तीस वर्षं त्यांनीच केली होती. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि लेक-जावयाकडे राहायला आले. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं, "जुन्या जागी गट्टू दिसत नाही म्हणता?"

"अजिबात नाही, मामा."

"हाताला लागतो का?"

"गाल लावून पाहिला. छे!"

"कमाल आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच. हेडमाळी इरेला पेटला. भोक सरकलेलं दिसलं की तो ते पुन्हा कागदाबरहुकूम पाडायचा आणि सरकलेलं भोक बुजवायचा. तास-दीड तासाने येऊन पाहावं तर स्वारी परत आपल्या जागी! या रस्सीखेचीत सातव्या हिरवळीला त्याच्या गट्टूंचे व्रण पडले आणि शुक्रवारी क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं.

"रविवारी सामना आहे. तुम्ही दिलेल्या कागदावर 'कडेपासून नऊ पावलं' लिहिलंय आणि भोक चौदा पावलांवर. खेळणाऱ्यांनी कागदावर खेळायचं का?"

"मॅडम, ते भोक चालतं."

"काय करतं?"

"म्हणजे... मी पाठ फिरवली की जागा बदलतं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या सकाळी मी स्वतः येते. भोक कागदावरच्या जागी नसेल, तर कमिटीला दुसरा माणूस बघायला सांगेन."

शनिवारी हेडमाळ्याने आधी सातव्या हिरवळीवरचं काम उरकलं, सायकलची घंटा वाजवत निघून गेल्यासारखं केलं आणि मागून येऊन झुडपात दबा धरून बसला.

दहा मिनिटांत मामा आले.

त्यांनी चपला कडेला काढल्या. खांद्यावर कटर होता, निवृत्तीच्या वेळी मिळालेला, एरवी हॉलमध्ये खिळ्यावर टांगलेला. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मामा उकिडवे बसले, त्यांनी थोडं पाणी ओतलं आणि ते कुठे वाहतं, कुठे थबकतं ते मान वाकडी करून बघत राहिले. मग उठून पाच पावलं गेले आणि कटर दाबला.

आता ओरडून पुढे व्हायचं, असं हेडमाळ्याने ठरवलं होतं. पण मामांनी गट्टू उचलला आणि तो ओरडायचं विसरला. त्याला ते बघायचं होतं. दोन वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं, मामांनीही कधी सांगितलं नव्हतं. विचारावं तर कमीपणा, सांगावं तर आगाऊपणा. तो रांगत रांगत झुडपाबाहेर आला.

मामांनी जुन्या भोकात खिशातली चिमूटभर वाळू टाकली, गट्टू ठेवून पाहिला, काढला, थोडी वाळू उपसली, पुन्हा ठेवला. असं तीनदा. मग खिशातून जेवणाचा काटा काढून कडेचं गवत चारी बाजूंनी गट्टूकडे ओढून घेतलं, वर पाणी शिंपडलं आणि तळव्याने हलकेच दाबलं.

"एवढंच?" हेडमाळ्याच्या तोंडून निसटलं.

"एवढंच," मामा मागे न बघता म्हणाले. "तुम्ही मूठभर वाळू कोंबता. मग टेंगूळ येतं."

"पण मामा, भोक कशाला हलवलंत?"

"या आठवड्यात तुम्ही धरलेल्या बाजूला पाणी मुरत नाही, जावईबापू. त्यात माणसं उभी राहिली की आठ दिवसांत चिखल. सोमवारी फिरायला आलो तेव्हा दिसलं."

"मग घरी सांगायचं! मला वाटलं, डोकं फिरलं माझं!"

"सांगणारच होतो. पण तुम्ही म्हणालात, गाल लावूनही कळत नाही." मामांनी काटा पुसून खिशात ठेवला. "निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामाचं कौतुक केलं. म्हटलं, अजून एक दिवस होऊ दे."

तेवढ्यात सेक्रेटरीबाई आल्या. मामांनी कटर पाठीमागे लपवला. बाईंनी पावलं मोजली. चौदा. मग खिशातून चेंडू काढून कागदावरच्या जागेवरून सोडला. तो रेघ मारल्यासारखा सरळ भोकाकडे गेला.

"हे कोणी केलं?"

हेडमाळ्याने मामांकडे बोट दाखवलं. "मामांनी, मॅडम. मला येत नाही असं."

बाईंनी कागदावरचा नऊ आकडा खोडून चौदा लिहिला. "कागद बदलता येतो. उद्या अठराही हिरवळी मला अशाच हव्यात."

हेडमाळ्याने आशेने मामांकडे पाहिलं. मामांनी चपला घातल्या. "मॅडम, एक म्हणजे हौस. अठरा म्हणजे नोकरी. ती मी सोडली."

"मामा, निदान आठव्यापर्यंत तरी चला!"

"आठव्यापर्यंतच हं," मामा म्हणाले.

दुपारी दोघं अठराव्या हिरवळीवर होते. तोवर कटर, तांब्या आणि काटा जावयाच्या हातात आले होते आणि मामांकडे फक्त चुका काढायचं काम उरलं होतं. शेवटचा गट्टू दाबून हेडमाळी नवं भोक साफ करायला गेला. मामांनी कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे पाहिलं.

"जुनं कुठे होतं हो?"

"हे काय, इथे," हेडमाळी वळून म्हणाला. मग त्याचं बोट जरा डावीकडे गेलं, मग उजवीकडे. तो गुडघ्यांवर बसला. मामाही बसले. दोघांनी तळवे फिरवले. शेवटी मामांनी गाल टेकवला.

सेक्रेटरीबाई पलीकडून चालल्या होत्या. सासरे-जावई गवतावर चार पायांवर पाहून त्या थबकल्या. "काय हरवलं?"

"काही नाही, मॅडम," मामा गाल न उचलता म्हणाले. "जावईबापूंनी बुजवलेलं भोक सापडत नाहीये."