पार्सिपनीतलं वैध द्रावण

इथे अमेरिकेत, पार्सिपनीच्या घरात आमच्या कुमारनं तळघरात बीअर करायला घेतली, तेव्हा बीअरपेक्षा बादलीचाच थाट मोठा होता. बाटल्या, नळ्या, बुचं, सगळं आधी आयोडीनच्या तपकिरी पाण्यात बुडवायचं, जंतू मारायचे, मगच बीअर भरायची. पाणी झाकून ठेवलं तर पुन्हा वापरता येतं. रंग उडाला की मात्र ते मेलं, फेकून द्यायचं, असं दुकानदारानं त्याला बजावलं होतं. फेकून देणं आमच्या घरात चालत नाही. इथले दह्याचे रिकामे डबेसुद्धा मी धुऊन ठेवते.

कुमारपुढे प्रश्न अब्रूचा होता. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला त्याची बीअर नासली, लोकांनी ती झुडपात ओतली, आणि मंडळातल्या रवीनं सगळ्यांदेखत सांगितलं की यंदाही असं झालं तर बीअर दुकानातून आणू, कुमारनं चटणी वाटावी. माझा मुलगा चटणी वाटणार, आणि मी ती खाणार?

त्यात बीअरचं वेड मंडळात पसरलं. प्रत्येकानं आयोडीन कशाला विकत आणायचं, म्हणून आमचीच बादली घरोघर जाऊ लागली, विरजण जातं तशी. रवीनंसुद्धा नेली, लोणच्याच्या बरण्यांसाठी म्हणून. मंडळातल्याच शैलाकडून पहिल्यांदा परत आली ती चांगली चार बोटं कमी. मी फोन करून विचारलं, तुमच्याकडे दुसऱ्याचं भांडं असं परत करतात का? त्यानंतर बादली प्रत्येक घरून काठोकाठ भरून येऊ लागली. नळ काय, सगळ्यांच्याच घरी होते.

पाणी फिकट दिसायला लागलं तसं कुमारनं त्र्यंबकला बोलावलं. त्र्यंबक औषधांच्या कंपनीत तपासनीस. जेवायला बसला तरी पोळी उलटून बघतो. त्यानं पाण्याला 'द्रावण' असं नाव दिलं आणि नियम केला: तपकिरी ते वैध, फिकट ते अवैध. ज्याच्या घरी अवैध होईल, त्यानं नवं आयोडीन आणायचं.

त्या दिवसापासून द्रावण कुणाच्याच घरी फिकट झालं नाही. उलट गडद होत गेलं. रवीकडून आलं तेव्हा त्याला कॉफीचा वास होता. शैलाकडून आलं तेव्हा वेलचीचा.

"शैला, ह्यात चहा घातलास का गं?"

"काकू, अगदी थोडा," ती म्हणाली. "आणि साखर नाही हं घातली."

मी ते कुमारला सांगितलं, कुमारनं त्र्यंबकला. त्र्यंबकनं ग्लासभर द्रावण खिडकीशी धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"नियमात रंग लिहिलाय, काकू," तो म्हणाला. "कशाचा, ते लिहिलेलं नाही. द्रावण वैध आहे."

पण बादली तेवढी अस्वच्छ वाटते, ती आधी निर्जंतुक करून घ्या, असा शेरा त्यानं मारला. कशानं, विचारलं तर म्हणाला, द्रावणानं.

नवं आयोडीन आणायचं, तर जुनं मेलंय हे आधी मंडळाला कळवावं लागणार, आणि रवीला तेवढंच हवं होतं. कुमारनं बाटल्या वैध द्रावणात बुडवल्या.

पिकनिकला कुमारनं ग्लास स्वतः भरले. पहिला घोट रवीनं घेतला. त्याचा एक डोळा मिटला. बीअर आंबली म्हणावं, तर बादलीचा विषय निघणार. बादलीचा निघाला, तर कॉफीचा निघणार. आणि मी समोरच उभी होते.

"छान आहे," रवी म्हणाला. "जरा वेगळी आहे."

शैलाला ती जर्मन वाटली. त्र्यंबकनं प्यायली नाही, पण रंग उत्तम आहे म्हणाला. पुढच्या वर्षीही बीअर कुमारनंच करावी असा ठराव तिथेच मांडला गेला आणि एकमतानं पास झाला.

आता तुम्ही हसाल. खुशाल हसा. फक्त तुमच्या मंडळात, तुमच्या सोसायटीत एखादा ठराव एकमतानं पास होतो, तेव्हा हात वर केलेल्यांची तोंडं जरा निरखून बघा. आणि मग तुमचा स्वतःचा हात कुठे आहे, तेही बघा.