घाटगे सरांची चौथी टीम

घाटगे सर प्रॅक्टिसच्या आधी बूट-मोजे काढून मैदानाला अनवाणी एक फेरी मारायचे. कोल्हापुरात ते खपून गेलं असतं. ग्रोनिंगनसारख्या थंड डच शहरात नोव्हेंबरात, गवतावर दहिवर गोठलेलं असताना, मैदानाची देखभाल करणारा म्हातारा पहिल्याच दिवशी धावत आला. "यांना बूट हवेत का? माझ्याकडे एक जोड जास्तीचा आहे," तो मला म्हणाला.

"तेला सांग," सर म्हणाले, "पायाला कळतंय तसं बुटाला कळत न्हाई."

मी तेव्हा तिथे मास्टर्स करत होतो. आता त्याच देशात, बेस्ट नावाच्या गावात नोकरी करतो. शनिवारी सकाळी लेकीला फुटबॉलला सोडतो, इतर आईबापांबरोबर कॉफीचा कप धरून कडेला उभा राहतो आणि सर आठवतात.

सर गोव्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचे बारा वर्षं कोच होते. त्यांच्या बायकोला, सुजाताताईंना, ग्रोनिंगनच्या युनिव्हर्सिटीत संशोधनाची नोकरी लागली आणि सर तिच्यावर अवलंबून असलेला नवरा, म्हणजे 'डिपेन्डन्ट', म्हणून आले. तो शब्द त्यांना फार लागला होता. "अकरा माणसं माज्यावर डिपेन्डन्ट असायची रं," ते म्हणायचे.

विद्यार्थ्यांच्या चौथ्या टीमला कोच हवा होता. म्हणजे पहिल्या तीन टीममध्ये ज्यांना कोणी घेतलं नाही त्यांची ही टीम. मी त्यात लेफ्ट बॅक होतो, यावरून टीमची कल्पना यावी. सर मुलाखतीला कोट घालून, कात्रणांची फाइल घेऊन गेले. मुलाखत घेणारी कमिटीची अध्यक्ष एकोणीस वर्षांची. तिने फाइल न उघडताच विचारलं, "आमच्याकडून तुम्हाला काय शिकायला आवडेल?"

बाहेर आल्यावर सर बराच वेळ सायकलचं कुलूपच उघडत बसले होते.

खरी पंचाईत पुढे झाली. क्लबात त्यांनी शिट्टी फुंकली की माणसं पळायची. इथे शिट्टी फुंकली की यास्पर विचारायचा, "का?" यास्पर आमचा गोलकीपर. सहा फूट चार इंच, पहिल्या वर्षाला, आणि उद्धटपणाचा लवलेशही नाही. त्याला खरंच कारण हवं असायचं. 

"क्लबात 'का' इच्यारायचं काम फकस्त मालकाचं," सर माझ्याकडे बघून गुरगुरायचे. मग यास्परला इंग्रजीत कारण सांगायचे. ते सांगता सांगता कधी कधी त्यांना स्वतःलाच पटायचं नाही आणि तो व्यायाम रद्द व्हायचा.

पोरं सातला म्हणजे सातला हजर, पण साडेआठला चेंडू हवेत असला तरी घरी. एकाने तर महत्त्वाच्या मॅचला आजीच्या वाढदिवसासाठी सुट्टी मागितली. "आजीला सांग, पुढच्या वर्षी," सर म्हणाले. पोरगं म्हणालं, "पुढच्या वर्षी पण आहे. दोन्ही वर्षी जाणार."

चिडले की सर कोल्हापुरीत शिरायचे आणि भाषांतर माझ्या गळ्यात. "म्हशीगत काय हुबा ऱ्हायलाईस!" याचं मी "जरा हलशील का, प्लीज" असं करायचो. पण यास्परला संशय आला. वसंत ऋतू येईपर्यंत तो स्वतःच्याच बचावफळीवर "म्हशीगत! म्हशीगत!" ओरडायला लागला.

त्या वर्षी आम्ही शेवटच्या मॅचपर्यंत कसेबसे तगलो. ती मॅच बरोबरीत सुटली तरी आम्ही खालच्या गटात गेलो नसतो. मॅच बुधवारी दुपारी होती. त्याच दुपारी यास्परची संख्याशास्त्राची फेरपरीक्षा होती. त्यात नापास झाला असता तर पहिल्या वर्षाचे गुण कमी पडून त्याला तो अभ्यासक्रमच सोडावा लागला असता.

आदल्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर तो सरांसमोर उभा राहिला. "मी परीक्षा देणार नाही. खेळणार आहे. तुम्हीच म्हणता, मॅचपुढे काही नाही."

आम्ही सगळे खूश. सर मात्र खाली वाकून सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करत राहिले. सगळे कोन एकात एक घातले आणि म्हणाले, "यू आर नॉट इन टीम टुमॉरो."

"का?"

"गोलकीपिंग बरोबर नाही तुझं," सर इंग्रजीत म्हणाले आणि मैदानातून निघून गेले. यास्परचा चेहरा मला बघवेना.

गोलमध्ये मी उभा राहिलो. चार गोल खाल्ले, मॅच हरलो आणि खालच्या गटात गेलो. सरांनी हाफ टाइमला एकदाही आवाज चढवला नाही. शेवटची शिट्टी वाजली, त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि कपडे बदलायच्या खोलीत न येता सायकल काढली. मला राहवेना. मी चिखलाने भरलेल्या कपड्यांतच मागे गेलो.

सर परीक्षेच्या हॉलबाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी बसलो.

"गोव्यात एक कीपर होता माजा," ते म्हणाले. "बारावीचा पेपर होता तेचा. मी म्हटलं, पेपर काय, पुढच्या वर्षी बी हाय. आला बिचारा. जिंकलो आम्ही. पुढच्या मोसमात तेचा गुडघा गेला, क्लबानं सोडला. लिस्टवरचं नाव मीच खोडलं."

"आता कुठे असतो?"

"म्हाईत न्हाई. मी कधी इच्यारलंच न्हाई रं."

दारं उघडली. यास्पर बाहेर आला, आम्हाला बघून थबकला. माझ्या कपड्यांवरून त्याला निकाल कळला असावा. तो काही बोलायच्या आत सर सरकले आणि बाकावर जागा केली.

"बस," ते म्हणाले. "पहिल्या प्रश्नात काय होतं, ते सांग."

यास्पर बसला. आधी रागात, एकेक शब्द मोजून बोलला. मग प्रश्नपत्रिका उलगडून मांडीवर ठेवली. दुसरा प्रश्न, तिसरा, कुठे चुकलं, कुठे वेळ गेला. सरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते चष्मा लावून, आकड्यांवरून बोट फिरवत, प्रत्येक उत्तराला मान डोलवत ऐकत होते.