आद्यसिंहाचा टोप

एका जंगलात रंगभूषेचं विद्यालय होतं. हसू नका, बाळांनो. दवाखाना नाही, रस्ता नाही, पण रंगभूषेचं विद्यालय आहे, अशी जंगलं पुष्कळ असतात. मांडी घाला आणि ऐका. मधेच कुणी "मग काय झालं?" म्हणालं, तर मी उठून जाईन.

तर या विद्यालयात जुन्या काळातली पात्रं कशी सजवायची ते शिकवत. केस, दाढ्या, मिशा, व्रण, सुरकुत्या. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. शिकवायचं मात्र एकच होतं, ते म्हणजे कपाट कसं उघडायचं.

कपाटात डबे होते. एका डब्यावर लिहिलेलं 'राजा'. दुसऱ्यावर 'राणी'. तिसऱ्यावर 'ऋषी' आणि चौथ्यावर 'दुष्ट'. नाटकात जुन्या काळातलं पात्र आलं की डबा काढायचा, आतला केसांचा टोप डोक्यावर चढवायचा, कडेनं गम लावायचा, झालं काम. राजा दोनशे वर्षांपूर्वीचा असो की दोन हजार, डबा तोच. याला तिथे कालखंडाचा सखोल अभ्यास म्हणत.

प्राचार्य होते मोर. स्वतःच्या पिसाऱ्यापुढे त्यांना दुसऱ्या कुणाच्या केसात रस नव्हता. म्हणूनच त्यांना प्राचार्य केलं होतं.

या विद्यालयात तुळसा नावाची खार शिकत होती. मुलगी हाताची कसबी, पण तिला एक वाईट खोड होती. ती डबा उघडण्याआधी विचार करायची. तुमच्यापैकी कुणाला ही खोड असेल, तर आजच आईला सांगा. लहानपणीच इलाज केलेला बरा.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा आली. प्रत्येकाला एकेक ऐतिहासिक पात्र मिळालं. तुळसाच्या चिठ्ठीत निघाले आद्यसिंह, म्हणजे आत्ताच्या सिंहमहाराजांचे पणजोबा. त्यांची जयंती तोंडावर आली होती आणि जयंतीला त्यांच्यावरचं नाटक व्हायचं होतं. परीक्षेत पास झालेली रंगभूषाच नाटकात जाणार होती. शिवाय विद्यालयाचा कागद हातात पडणार होता. त्या कागदाशिवाय कुठलीही नाटकमंडळी रंगपटात पाऊल ठेवू देत नसे. तुळसाच्या आईनं तीन वर्षं स्वतःच्या तोंडचे दाणे काढून लेकीला शिकवलं होतं. तेव्हा कागद मिळालाच पाहिजे होता.

"नशीब काढलंस," तिच्या वर्गातलं माकड म्हणालं. "आद्यसिंहांचा डबा वेगळाच आहे. नुसता चढवायचा. मला मेला ऋषी आलाय, दाढी विंचरावी लागणार."

आद्यसिंह कसे दिसत हे जंगलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते कॅलेंडरवर होते, पुतळ्यात होते, बिस्किटाच्या पुड्यावर होते. सोनेरी भरघोस आयाळ आणि कपाळावरून थेट नाकापर्यंत लोंबणारी जाड झुलपं. जयंतीला जंगलातले तरुण तशी झुलपं काढून मिरवत. बेडकांना केस नाहीत, तर ते शेवाळ लावून घेत. सिंहमहाराजांनी कायमचीच झुलपं ठेवली होती. त्यामुळे त्यांना समोरचं दिसत नसे आणि दिवसातून दोनदा ते झाडावर आपटत. पण राजाला समोरचं दिसलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?

आद्यसिंहांनी काय केलं हेही सगळ्यांना पाठ होतं. एकदा मोठा दुष्काळ पडला. तळी आटली. आद्यसिंहांनी एक डरकाळी फोडली आणि नदी धावत आली. परीक्षेत हे दोन गुणांना विचारत.

तुळसानं डबा उघडला. टोप बाहेर काढला आणि, खोडच ती, उलटा करून आत पाहिलं. आतल्या जाळीला कापडाची एक पट्टी शिवलेली होती. पट्टीवर जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पुढची बाजू'.

पट्टी मानेकडे होती.

तुळसानं टोप फिरवून समोरच्या लाकडी डोक्यावर चढवला. पट्टी कपाळावर आली तसा टोप चपखल बसला. कपाळ मोकळं झालं आणि ती जाड झुलपं मानेवर गेली, जिथे सिंहाला केस असतात. झालं होतं असं, की पन्नास वर्षांपूर्वी, पहिल्या नाटकाच्या गडबडीत कुणीतरी टोप मागचा पुढे चढवला. चित्रकारानं नाटक पाहून चित्र काढलं. चित्र पाहून पुतळा झाला. पुतळा पाहून महाराजांनी केस वाढवले. आणि एवढ्या वर्षांत एकाही शहाण्यानं टोपाच्या आत डोकावून पाहिलं नाही.

ती धावतच प्राचार्यांकडे गेली.

"सर, आपण आद्यसिंहांचा टोप उलटा घालतो."

मोरानं पट्टी वाचली. पुन्हा वाचली. मग टेबलावरची कात्री घेतली, पट्टीचे टाके उसवले आणि पट्टी केराच्या टोपलीत टाकली.

"आता सुलटा आहे," मोर म्हणाले. "जा, सराव कर."

इथे तुळसा गप्प बसली असती तर गोष्ट संपली असती आणि तुम्ही खेळायला गेला असता. पण तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. टोपच उलटा, तर मग मूळ सिंह होता तरी कसा? त्यांना डोळ्यांनी पाहिलेला एकच प्राणी आता जिवंत होता. नदीपलीकडचं म्हातारं कासव. विद्यालयापासून हाकेच्या अंतरावर राहायचं. पण पन्नास वर्षांत त्याला विचारायला कुणी गेलं नव्हतं. डबा असताना कशाला कोण जातंय?

"आजोबा," तुळसानं विचारलं, "आद्यसिंहांची आयाळ कशी होती हो?"

"नव्हती," कासव म्हणालं.

"म्हणजे?"

"निघाले तेव्हा होती. पोचले तेव्हा नव्हती. बस इथे, सांगतो."

मग त्यानं सांगितलं. "नदी धावत बिवत आली नाही, पोरी. नदी कधी कुणाकडे येत नाही, आपल्यालाच जावं लागतं. मधे बोरी-बाभळीचं रान होतं, अकरा दिवसांच्या वाटेचं. ते पुढे झाले. डोक्यानं, छातीनं काटेरी फांद्या मोडत गेले आणि मागून सगळं जंगल चाललं. रोज आयाळीचा एखादा झुपका काट्यांवर राहायचा. मागे पडलेले प्राणी ते केस बघून वाट ओळखायचे. नदी लागली तेव्हा त्यांचं डोकं साफ उघडं पडलेलं, एक कान फाटलेला, कपाळभर ओरखडे."

"आणि डरकाळी?"

"डरकाळी कुठली? माझी आई वाटेत गेली. मी सुपारीएवढा होतो. मला त्यांनी तोंडात धरलं होतं. तोंड उघडलं असतं तर मी खाली पडून तुडवला गेलो असतो. अकरा दिवस ते एक शब्द बोलले नाहीत."

तुळसाला रडू आलं. इतका मोठा सिंह आपल्या जंगलात होऊन गेला याचा तिला अभिमान वाटला, आणि कॅलेंडरवाल्यांचा असा संताप आला की विचारू नका.

परीक्षेच्या दिवशी तिच्यापुढे नटवर्य बोकडराव येऊन बसले. आद्यसिंहांची भूमिका दरवर्षी तेच करत, कारण खरे सिंह तालमीला येत नाहीत. तुळसानं त्यांचे केस दाबून वर पातळ टक्कल चढवलं. कपाळावर ओरखडे उठवले, काही ताजे, काही सुकत आलेले. कानाची कड फाटल्यासारखी केली. मानेवर तेवढे दोन-तीन झुपके ठेवले, तेही एकेक केस चिकटवून. तिनं बोलावून आणलेलं कासव शेजारी बसून सांगत होतं, "हा ओरखडा जरा डावीकडे घे. हां, तिथे."

पाच तास लागले. बोकडराव एरवी आरशात पाहिलं की स्वतःचेच संवाद म्हणू लागायचे. त्या दिवशी त्यांनी पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप फाटक्या कानाकडे गेला. कासवानं मान बाहेर काढली. ते हळूच म्हणालं, "आलात?"

मग समिती बसली. मधे सिंहमहाराज, एका बाजूला मोर आणि वर फांदीला इतिहासतज्ज्ञ वाघूळसाहेब. वाघूळसाहेबांनी आयुष्यभर उलटं टांगून ग्रंथ वाचले होते, त्यामुळे त्यांचा शब्द प्रमाण.

आधी माकडाचा ऋषी झाला. दाढी विंचरायची राहूनच गेली होती. "तपश्चर्येचा परिणाम फार सुरेख साधलाय," वाघूळसाहेब म्हणाले, आणि माकड पास झालं.

मग तुळसा बोकडरावांना घेऊन पुढे आली.

"हा कोण भिकारी?" झुलपं बाजूला सारून महाराजांनी विचारलं.

"आपले पणजोबा, महाराज."

महाराजांनी झुलपं पुन्हा नाकावर ओढून घेतली.

"आमच्या घराण्यात कुणालाही टक्कल नाही," महाराज म्हणाले. "आमच्या भावना दुखावल्या आहेत."

लगेच वाघूळसाहेबांच्या दुखावल्या. मोराच्या दुखावल्या. मागे बसलेल्या बेडकांना पुढचं काही दिसत नव्हतं, पण त्यांच्या सगळ्यात जास्त दुखावल्या.

"आधार काय याला?" वाघूळसाहेबांनी विचारलं.

"या कासवआजोबांनी पाहिलंय."

"पाहिलं असेल हो. वाचलंय का?"

"साहेब, मी त्यांच्या तोंडात होतो," कासव म्हणालं.

"बघा म्हणजे. तोंडाच्या आतून आयाळ कशी दिसणार?"

सभेनं माना डोलावल्या. याला म्हणतात विद्वत्ता.

"शिवाय हे गृहस्थ मुळी त्या काळातले वाटतच नाहीत," वाघूळसाहेब पुढे म्हणाले. "त्या काळातल्या कासवांना छातीपर्यंत पांढरी दाढी असायची. सगळ्या नाटकांत असते."

"कासवाला दाढी येत नाही हो."

"ऐकलंत? यांना स्वतःच्या काळाचीही माहिती नाही."

मोराला एक सोय सुचली. अशा माणसांना नेहमी सोय सुचते. ते गोड आवाजात म्हणाले, "पोरगी हुशार आहे, नापास नको करायला. बोकडरावांना आपला डबा चढवू. तुळसा या कासवांना दाढी लावील, तीच तिची परीक्षा. आणि मग कासव काळाचे साक्षीदार म्हणून दोन वाक्यं बोलतील. वाक्यं मी लिहून देतो."

"मी नाही लावणार," तुळसा म्हणाली. "नको मला तुमचा कागद."

कासवानं तिला बाजूला बोलावलं. "तीन वर्षं तुझी आई काय खाऊन राहिली गं?"

तुळसानं शेपटीनं डोळे पुसले.

"मग लाव दाढी. कागद नसला तर तुला दारातच अडवतील. आत गेलीस तर कधीतरी कुणाचं तरी खरं तोंड काढशील. माझं काय, मी चाललोच आता."

तुळसानं दाढी लावली. सुरकुतलेल्या मानेवर एकेक केस गमनं बसवत गेली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण काम असं सुबक झालं की तिच्या हातून तसं आधी कधी झालं नव्हतं. बेडूक आपोआप हात जोडून उभे राहिले.

कासवानं कागद धरला आणि वाचलं, "मी आद्यसिंहांना पाहिलं आहे. त्यांची आयाळ भरघोस होती. झुलपं नाकापर्यंत होती. आणि त्यांनी डरकाळी..." तिथे ते अडलं.

"फोडली," मोर हळूच म्हणाले.

"फोडली," कासव म्हणालं.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. "आता कसे त्या काळातले वाटतात," म्हणून वाघूळसाहेबांना गहिवरून आलं. महाराज कासवाच्या पाया पडायला खाली उतरले, पण झुलपांतून दिसलं नाही, म्हणून खांबाच्या पाया पडले. तुळसा पहिल्या वर्गात पहिली आली. कागदावर महाराजांचा पंजा उमटला. त्यावर लिहिलं होतं, 'वास्तवदर्शी दाढीबद्दल विशेष गुण.'

सभा पांगली. तुळसानं गम सुटावा म्हणून तेलाचा बोळा घेतला आणि कासवाजवळ बसली.

"मान वर करा, आजोबा. दाढी काढते."

"राहू दे गं," कासव म्हणालं. "घरी जाताना नदीतून जावं लागतं. पाण्यात तोंड दिसतं."

आणि ते दाढीसकट निघून गेलं.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचं नेहमी ऐकावं. फक्त आधी त्यांना नीट दाढी लावून घ्यावी आणि काय बोलायचं ते लिहून द्यावं.