सात खडे आणि तीन केळी

तळवड्यातल्या आमच्या सोसायटीत माझ्याइतकी तीक्ष्ण नजर कुणाची नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. रसायनशास्त्रात बीएस्सी, पहिला वर्ग. शिवाय सव्वा वर्षाच्या मुलीची, दिव्याची, आई, म्हणजे तिन्ही शिफ्ट माझ्याच. फरशीवर पडलेला मोहरीचा दाणा मला स्वयंपाकघरातून दिसतो. पुढे तो दिव्याच्या तोंडात दिसतो, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी नणंदेचा, अनिताचा, साखरपुडा होता. निघोज्यात, बारा वाजता. सासूबाई आदल्या दिवशीच आमच्याकडे आल्या आणि येताना आपलं कुंदनाचं पदक घेऊन आल्या. सोन्यात जडवलेले सात पांढरे खडे. गावचं शेतीचं रान कंपनीत गेलं, तेव्हा आलेल्या पैशातून सासऱ्यांनी घेतलेलं.

"रानाची येवढीच खूण ऱ्हायलीय," म्हणत त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. "उद्या तू घाल."

सकाळी त्या आंघोळीला गेल्या. मी पदक पलंगावर ठेवून साडीच्या निऱ्या करत होते. जेमतेम दीड मिनिट. वळून बघते तर दिव्या पदकाशेजारी बसून काहीतरी चघळतेय, आणि पदकावर एकही खडा नाही! नुसती लाल-हिरवी फुलं रंगवलेली.

"ज्ञानेश!"

नवरा अर्धी दाढी करून धावत आला आणि पदकाकडे हात नेला.

"हात लावू नकोस! पुरावा आहे तो." मी पदकावर स्टीलची वाटी पालथी घातली आणि दिव्याच्या तोंडात बोट घातलं. अर्धं बिस्किट. "म्हणजे खडे गिळले. सातही."

ज्ञानेश चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. "दीड मिनिटात सात? आमच्या लाइनवर एवढा स्पीड कुणाचा नाही."

"मग नवनाथ सोनार! तुझ्या आईनं परवा त्याच्याकडे पॉलिशला दिलं होतं ना? खडे काढले आणि खाली फुलं रंगवली."

"काल रात्री खडे होते."

"तेच तर! किती सफाईदार माणूस आहे बघ."

"बरं, मग रंगवली कधी?"

"कुंदनाच्या खाली लाख असते. उकाड्याने लाख मऊ झाली, खडे निसटले..."

"आणि फुलं उगवली?"

शास्त्राची थट्टा मला खपत नाही. खडे सरकून बाहेर पडावेत, ही खबरदारी म्हणून मी दिव्याला एकापाठोपाठ एक तीन केळी भरवली. ती हसत खात होती. पोटात एखादा खडा अडकला असला तर? "गाडी काढ," मी म्हटलं. "एक्स-रे काढू."

तेवढ्यात सासूबाई ओले केस पुशीत बाहेर आल्या. मला रडू फुटलं.

"आत्या, तुमचं रान दुसऱ्यांदा गेलं, आणि या वेळी माझ्यामुळे!"

सगळं ऐकून त्यांनी आधी दिव्याला कडेवर घेतलं, तिचं पोट चाचपलं. "पोर हसतीया की! मग दगडापायी काय रडती?" मग वाटी उचलली आणि एका बोटानं पदक उलटं केलं.

सात खडे. चकचकीत.

ज्ञानेशनं गालावरचा फेस पुसला. "आमच्याकडे इन्स्पेक्शन दोन्ही बाजूंनी करतात."

"मागच्या अंगाला मिनाकाम असतंय, बाई," सासूबाई म्हणाल्या. "लोकांकडं खडं, आपल्या काळजाकडं फुलं."

"पण आत्या, कुणाला दिसतच नाहीत तर एवढी नाजूक फुलं करायची कशाला?"

"तुझी नजर लई तिखट हाय ना? तिच्यापास्नं वाचाया."

बारा वाजता निघोज्याच्या मांडवात मी पदक घालून बसले, फुलं काळजाकडे. अनिताच्या बोटात अंगठी जात होती, आणि नेमक्या त्याच क्षणी दिव्यानं तिन्ही केळ्यांचा मुद्देमाल माझ्या मांडीवर हजर केला.

या वेळी पुरावा उलटून बघायची गरज पडली नाही.