कुलूपरावांचा आठवड्याचा बाजार

कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झाल्यावर घरच्या कारभारात लक्ष घालायचं नाही, असं कुलूपरावांनी अगदी मनापासून ठरवलं होतं. आठवडाभर ते जमलंही. पुढे जमलं नाही, कारण लक्ष घालायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

कुलूपराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते कारखान्यातल्या लोकांनी पाडलेलं. स्टोअरच्या खिडकीशी कोणी साधा एक नट मागायला आला, तरी कुलूपराव आधी त्याला बाहेरच्या बाकावर बसवत. नट समोरच्याच खोक्यात असे. पण मागितल्याबरोबर माल दिला की मालाची किंमत राहत नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. (देणाऱ्याचीही राहत नाही, हे ते बोलून दाखवत नसत.) अर्ध्या तासाने ते खिडकीतून डोकावून म्हणत, "बघतो, असला तर." या एका वाक्यावर त्यांनी उभी नोकरी काढली. निरोपसमारंभात कामगारांनी वर्गणी काढून त्यांना एक भलंमोठं पितळी कुलूप भेट दिलं. कुलूपराव गहिवरले. टाळ्या इतका वेळ का वाजत राहिल्या, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

आता अडचण अशी होती की बायको त्यांना रोज सकाळी नऊच्या सुमारास बाजारात पिटाळायची. आज लिंबं, उद्या मिरच्या, परवा नुसतं आलं. एका दिवशी दोन वस्तू कधीच नाहीत.

"अगं, काल मिरच्या आणायला गेलो तेव्हाच लिंबं सांगायची नाहीत का?"

"काल होती की."

"किती होती?"

"होतं एक."

"मग एकावर आल्याबरोबर ऑर्डर टाकायला नको?"

"तीच टाकतेय. ही घ्या पिशवी."

इतक्या बेशिस्तीत हे घर आजवर चाललंच कसं, याचं कुलूपरावांना नवल वाटायचं. शेवटी एका शनिवारी जेवताना त्यांनी फर्मान काढलं.

"रोज बाजारात जाणं म्हणजे पैशाची नासाडी. माणूस लिंबं आणायला जातो आणि चार नको त्या वस्तू घेऊन येतो."

"तुम्ही येता," बायको म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. यापुढे आठवड्यातून एकदाच जायचं. दर रविवारी, मोठ्या मंडईत. घाऊक भाव."

"आणि सोमवार ते शनिवार तुम्ही कुठे असणार?"

"कुठे म्हणजे? घरी!"

बायकोने त्यांच्या ताटात भात वाढला. कुलूपरावांनी ती संमती समजली. संसारात ही चूक बरेच जण करतात.

रविवारी ते रिक्षा भरून माल घेऊन आले. माणसं दोन आणि कोबीचे गड्डे नऊ, कारण कोबी स्वस्त होता. टोमॅटो पेटीने, बटाटे पोत्याने. रिक्षावाल्याने जिना चढून माल वर आणायचे वेगळे पैसे घेतले, पण वाहतूकखर्च मालाच्या किमतीत धरत नाहीत, असं कुलूपरावांनी स्वतःला समजावलं. स्वयंपाकघरातलं मोठं कपाट त्यांनी रिकामं करवलं, त्यात सगळी भाजी रचली आणि दाराला ते पितळी कुलूप घातलं. मग कपाटाशेजारी, खिडकीखाली, एक स्टूल ठेवून ते त्यावर बसले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. आता आपल्यावाचून या घरात साधा कांदा चिरला जाणार नाही, या विचाराने त्यांचा चेहराच उजळला. त्या खिडकीखाली आधी बायकोची खुर्ची असायची. ती त्यांनी माळ्यावर टाकली.

सोमवारी सकाळी व्यवहार सुरू झाला.

"दोन बटाटे द्या."

"कशाला?"

"उकडायला."

"उकडून?"

"उकडून खायला!"

"मग दोन कशाला? एवढा मोठा एक पुरे."

त्यांनी अर्ध्या तासाने, शोधल्यासारखं करून, एक बटाटा काढून दिला. फोडणीत तेल किती पडतं, गॅस किती मोठा आहे, यावरही त्यांची स्टुलावरून नजर होती. बायकोने रेडिओ लावला, तेव्हा "मोजताना लक्ष जातं" म्हणून तो त्यांनी बंद केला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुलूपराव जागचे हलले नाहीत. हलायचे फक्त दुपारी, घटकाभर झोपायला. तेव्हाही किल्ली उशाखाली असायची.

बुधवारी घात झाला. झोपून उठल्यावर त्यांनी कपाट उघडलं, तर टोमॅटो निम्मे झालेले. कुलूप जागच्या जागी, किल्ली उशाखाली आणि माल गायब!

"उंदीर असेल," बायको म्हणाली.

"उंदराने कुलूप उघडलं?"

"एवढा घाऊक माल पाहून त्यालाही काहीतरी सुचलं असेल."

कुलूपरावांच्या उभ्या नोकरीत स्टोअरमधून एक खिळा इकडचा तिकडे झाला नव्हता. ते रात्रभर तळमळले. आणि गुरुवारी तर कहर झाला. कपाटात टोमॅटो पुन्हा पूर्ण भरलेले होते आणि शिवाय किलोभर वांगी! वांगी त्यांनी आणलीच नव्हती. त्यांनी सगळा माल पुन्हा मोजला. कमी झालेला माल स्टोअरकीपर एक वेळ सहन करतो, दोष द्यायला कोणीतरी सापडतं. पण वाढलेला माल म्हणजे आपलीच मोजणी चुकली. आपलं वय झालंय की काय, ही भीती त्यांना रिटायर होतानाही वाटली नव्हती, ती त्या वांग्यांनी घातली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पलंगावर लोड ठेवला, त्यावर पांघरूण घातलं आणि किल्ली जागच्या जागी ठेवून स्वतः जिन्यात गेले. वरच्या वळणावर कोणीतरी टाकून दिलेलं लाकडी टेबल होतं. त्याच्या आड ते बसले.

थोड्याच वेळात त्यांची बायको पिशवी घेऊन बाहेर आली, दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थबकली. खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांची बायको वर येत होती. तिच्याही हातात पिशवी होती.

"वहिनी, एवढे टोमॅटो ठेवून घ्या," कुलूपरावांची बायको म्हणाली. "टोमॅटो संपल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पाऊल टाकायचा नाही."

"मुळीच नाही!" पोस्टमास्तरीणबाईंनी हात मागे घेतला. "बुधवारी तुमचे टोमॅटो घेतले आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आणायला काही उरलं नाही. हे घरी राहिले. सगळे डबे खाली काढून उंचीप्रमाणे लावले. मीठ अजून सापडलेलं नाही. म्हणून तर काल ते टोमॅटो परत केले. उलट तुम्हीच ही काकडी घ्या."

"काल तुमची वांगी घेतली ना? मला कमी करायचंय हो, वाढवायचं नाही!"

"मग मी तरी काय करू? माझंही तेच दुखणं आहे."

दोघी आपापल्या पिशव्या घेऊन पायरीवर बसल्या. कुलूपरावांची बायको म्हणाली, "चार पैसे वाचले असतील, नाही म्हणत नाही. पण सकाळचे ते दोन तास माझे होते. खिडकीत बसायचं, चहा प्यायचा, गाणी ऐकायची. किती घातलं, कशाला घातलं, विचारायला कोणी नाही. आता चहात साखर घालतानाही हिशेब द्यावा लागतो. माणूस वाईट नाही हो आमचा. फक्त दिवसभर आहे."

टेबलाआड कुलूपरावांना फार वाईट वाटलं. रोज आपल्याला बाजारात पाठवते म्हणजे आपल्यावाचून हिचं अडतं, असं ते समजत होते. रागवावं असं आधी वाटलं. पण कोणावर रागवायचं, ते ठरेना. ती खुर्ची त्यांनीच माळ्यावर टाकली होती.

शनिवारी सकाळी त्यांनी गुपचूप कपाटाचं कुलूप काढलं. खुर्ची खाली उतरवून पुसली आणि खिडकीत ठेवली. मग खुंटीवरची पिशवी घेतली.

"लिंबं संपली असतील ना?"

"आहेत दोन."

"दोन म्हणजे संपल्यातच जमा."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. "सावकाश या," ती म्हणाली, आणि असं मऊ तिने बऱ्याच दिवसांत काही म्हटलं नव्हतं.

कुलूपराव जिना उतरले ते तरंगतच. आपण काय त्याग केलाय हे तिला कधी कळणारही नाही, या कल्पनेने त्यांना भरून येत होतं. पाठीमागे रेडिओ सुरू झालेला त्यांना ऐकू आला. खरं मोठेपण ते हेच, असं त्यांना वाटलं.

कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या दुकानापुढे एक लांब बाक होता. त्यावर पोस्टमास्तर बसले होते. शेजारी आणखी दोन-तीन रिटायर्ड मंडळी होती. सगळ्यांच्या मांडीवर रिकाम्या पिशव्या.

"कोथिंबिरीची एक जुडी," पोस्टमास्तर अभिमानाने म्हणाले. "काय करणार? माझ्यावाचून घरात पान हलत नाही."

कुलूपरावांना त्यांची कीव आली. बिचाऱ्याला काही ठाऊक नाही. ते भाजीवालीकडे वळले. "चार लिंबं द्या."

"बसा जरा बाकावर."

"अहो, लिंबं ही समोर आहेत!"

"समोरच आहेत. पण अकराच्या आत द्यायची नाहीत, असा वहिनींचा निरोप आहे. मघाशी दुधाला आल्या होत्या, तेव्हा सांगून गेल्या."

"मघाशी? मी येणार हे तिला मघाशी कुठून कळणार?"

"ते मला काय ठाऊक? म्हणाल्या, काल जिन्यातल्या टेबलाखालून ह्यांच्या चपला दिसत होत्या, आज आपणहून येतील."

पोस्टमास्तरांनी सरकून जागा करून दिली. कुलूपराव बसले. पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ गेल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, "बाई, तेवढी लिंबं...?"

भाजीवालीने लिंबांचा ढीग नीट रचला, तराजू पुसला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बघते, असली तर."