सरासरी प्राण्याची खुर्ची

एका जंगलात सगळं ठीक चाललं होतं. आता बाळांनो, सगळं ठीक चाललं की राजाला चैन पडत नाही. आपल्यावाचूनच ठीक चाललंय की काय, अशी त्याला शंका येते.

तिथला राजा होता वाघ. त्याच्या दरबारात एकदा गुणवंतराव नावाचा पोपट आला. गुणवंतराव शहरातून परतला होता. तिथे एका मोठ्या कचेरीच्या दारात त्याचा पिंजरा टांगलेला असे. पिंजऱ्यातून त्याने कचेरीचा कारभार फार जवळून पाहिला होता. त्यामुळे जंगलात आल्या आल्या तो तज्ज्ञ झाला.

"महाराज, आपलं जंगल फार मागे आहे," तो म्हणाला. "इथे कुणी खुर्चीवर बसतच नाही."

वाघाने आजूबाजूला पाहिलं. खरंच की! कुणी दगडावर बसलं होतं, कुणी फांदीवर, कुणी नुसतंच उभं होतं. राजाला लाज वाटली.

मग जंगलात खुर्च्या आणायचं ठरलं. खुर्च्या आल्या म्हणजे टेबलं आली. टेबलांवर ठेवायला काहीतरी हवं, म्हणून संगणक आले.

खुर्चीचं माप मात्र गुणवंतरावाने शास्त्रशुद्ध काढलं. त्याने सगळ्यांना मोजलं. अस्वलाची रुंदी आणि उंदराची रुंदी एकत्र केली आणि मधली काढली. वानराचं शेपूट आणि बेडकाचं नसलेलं शेपूट एकत्र केलं, तेव्हा शेपूट एक वीत आलं. खुर्चीला मागे एक वीत शेपटाची खाच ठेवली.

"ही खुर्ची सरासरी प्राण्यासाठी आहे," गुणवंतराव म्हणाला.

"हा प्राणी राहतो कुठे?" वाघाने विचारलं.

"कुठेच नाही, महाराज. म्हणूनच त्याची कधी तक्रार येत नाही."

राजाला हे फार आवडलं.

आता या जंगलात धोंडाक्का नावाची एक वानरीण होती. टेकडीवरच्या उंच सावरीच्या शेंड्यावर बसून पहारा करायचं काम तिच्याकडे होतं. धूर दिसला, शिकारी दिसला, की ती ओरडायची. ती ओरडली की सगळे पळायचे. कारण कुणी विचारत नसे. ते पळाल्यावर कळायचं.

गुणवंतरावाला ही पद्धत रानटी वाटली.

"ओरडण्याची नोंद राहत नाही," तो म्हणाला. "यापुढे धोका दिसला तर संगणकात भरायचा. मग सगळ्यांच्या पडद्यावर सूचना येईल. तोपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही."

धोंडाक्काला झाडावरून खाली आणून खुर्चीत बसवलं. शेजारच्या खुर्चीत सर्जेराव अस्वल होतं. सर्जेराव खुर्चीत बसला नव्हता, खरं तर अडकला होता. एक अक्षर दाबायला गेला की त्याच्या पंजाखाली चार दाबली जात. स्वतःचं नाव लिहायला त्याचा अख्खा दिवस जाई.

धोंडाक्काचे हाल वेगळे होते. तिचं लांबलचक शेपूट त्या खाचेत मावेना. मग ती त्याच्यावरच बसायची. संध्याकाळी उठली की शेपटाला मुंग्या आलेल्या असत. पडदा इतका खाली होता की मान कायम वाकलेली. आकाश बघायचं झालं, तर हनुवटीला हाताने उचलावं लागे.

"तक्रार करा की, आक्का," सर्जेराव म्हणाला.

तक्रारही संगणकातच करायची होती. धोंडाक्काने उघडून पाहिलं. पाठ, मान, डोळे असे पर्याय होते. शेपूट नव्हतं. तिने 'इतर' निवडलं. संगणकाने विचारलं, इतर म्हणजे नेमकं काय? खाली एकच पर्याय होता, 'इतर'. तिने तो दाबला. पडद्यावर आलं : तक्रारीचं निवारण झालं आहे. धन्यवाद.

गुणवंतराव येऊन बघून गेला. "अहो धोंडाक्का, सरळ बसा. थोडे दिवस जातील, मग शेपटालाच सवय होईल."

चैत्रातली एक दुपार. वारा सुटला होता. धोंडाक्काच्या नाकाला धुराचा वास आला. तिने हनुवटी उचलली. टेकडीच्या पलीकडे, मोहाच्या घळीच्या वर, धूर चढत होता. त्या घळीत सर्जेरावाची बायको आणि दोन पिल्लं होती.

ओरडण्यासाठी तिने तोंड उघडलं. मग नियम आठवला आणि ती पडद्याकडे वळली.

धोक्याचा प्रकार निवडा. तिने 'वणवा' निवडला.

वणव्याची दिशा निवडा. बटण मुंगीएवढं होतं. बोट शेजारी पडलं. मागे जा. पुन्हा निवडा.

मग पडद्यावर बारीक बारीक चित्रं आली. आपण खरे प्राणी आहात हे सिद्ध करा. ज्या ज्या चित्रात आग आहे, ते ते निवडा.

धोंडाक्काच्या पाठीला आता गरम वारा लागत होता. ती डोळे बारीक करून चित्रांमध्ये आग शोधत होती. एका चित्रात सूर्यास्त होता की आग, ते तिला कळेना.

"काय झालं, आक्का?" सर्जेरावाने विचारलं. "माझ्या पडद्यावर तर 'सर्व सुरक्षित' आहे."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. घळीत याची लेकरं आहेत, आणि मी चित्रं निवडतेय!

ती उठली आणि सावरीवर चढू लागली. बधिर शेपूट तोल धरेना. घसरून ती खाली आपटली. पुन्हा चढली. शेंड्यावर पोचली आणि जीव खाऊन ओरडली.

खाली सगळ्यांनी माना वर केल्या. मग पडद्याकडे पाहिलं.

"पडद्यावर काही नाही," हरिण म्हणालं.

"मग काही नसेल," ससा म्हणाला, आणि दोघं पुन्हा कामाला लागले.

"सर्जेराव! तुझी घळ पेटलीय रे!" वरून धोंडाक्का म्हणाली.

सर्जेराव उठला. खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. ती काढत बसायला वेळ नव्हता. कमरेला खुर्ची घेऊन तो तसाच घळीकडे धावत सुटला. एवढं मोठं अस्वल खुर्चीसकट धावताना पाहून मात्र बाकीच्यांचा धीर सुटला. हरिण उठलं, ससा उठला, गवे उठले. सगळे नदीच्या दिशेने पळाले.

सर्जेरावाने धुरातून एक पिल्लू उचललं, बायकोने दुसरं. नदीत उडी घेतली तेव्हा खुर्ची पेटलेली होती. पिल्लांची लव होरपळली होती, पण जीव शाबूत होता. धोंडाक्का काठावर उभी होती. पिल्लं खोकताना दिसली, तेव्हा तिला रडू फुटलं.

निम्मं जंगल जळालं. चौकशी झाली. चौकशी गुणवंतरावानेच केली, कारण यंत्रातलं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

"यंत्रात काहीही दोष आढळला नाही," त्याने दरबारात सांगितलं. "आगीतसुद्धा ते शेवटपर्यंत प्रश्न विचारत होतं. दोष धोंडाक्कांचा आहे. त्या उत्तर अर्धवट सोडून उठल्या. सर्जेरावाने तर सरकारी खुर्ची जाळली."

वाघाची मिशी एका बाजूने जळालेली होती. तो म्हणाला, "धोंडाक्का, तुझं काय म्हणणं आहे?"

"महाराज, मला वाटलं, आधी पोरं वाचवावीत."

"बघितलंत?" गुणवंतराव म्हणाला. "यांना वाटलं! प्रत्येकाला असं वाटू लागलं, तर यंत्रं कशाला घेतली?"

दरबाराला हे पटलं. धोंडाक्काला पहाऱ्यावरून काढलं. सर्जेराव आपणहून निघाला. दोघांची बिऱ्हाडं नदीपलीकडच्या रानात गेली. तिथे खुर्च्या नाहीत. ते रान अजूनही फार मागे आहे, असं म्हणतात.

इकडे गुणवंतरावाला राजाने सोन्याचा पिंजरा दिला. तो त्यात लगेच जाऊन बसला. पिंजरा मात्र त्याच्या मापाचा होता.

तात्पर्य : बाळांनो, यंत्र कधीच चुकत नाही. चुकतात ते पाठ, मान आणि शेपूट. तेव्हा नेहमी सरळ बसावं, विचारलं तेवढंच सांगावं, आणि वणवा अगदी अंगाशी आलाच, तर जीव घेऊन पळण्याआधी 'जतन करा' हे बटण दाबायला विसरू नये.